साठ रुपयांचं चाक

मांडी

सोमाजीचा उजवा हात मांडीवर होता. ठेवलेला नव्हता, पडलेला होता. एखाद्या पाहुण्याने विसरून जावी तशी वस्तू.

साल शहाऐंशी. शिवरात्र होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी लोटा उचलायला गेला आणि लोटा खाली, हात खाली, मागोमाग सोमाजीही खाली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात वीस दिवस काढले. पाय परत आला. जरा घासत, पण आला. जीभ परत आली, आणि पहिला शब्द रुखमिणीकडे बघून 'बुटकी' असा निघाला, तेव्हा ती व्हरांड्यात जाऊन पोटभर रडून आली. सत्तावीस वर्षं तो तिला हेच म्हणत आला होता. महिन्याभरात बोटंही वळायला लागली, मूठ मिटायला लागली. खांदा तेवढा निजून राहिला.

दुसऱ्या कुणाचा खांदा असता तर एवढं अडलं नसतं. पण सोमाजी सानगडीच्या आखाड्याचा उस्ताद. त्या आखाड्याची फी म्हणजे वर्षाला एक नारळ, आणि रोज सकाळी कुस्तीआधी आपल्या वाटणीची माती खोदायची. बस. जो खोदणार नाही तो लढणार नाही. नागपंचमीला उस्ताद उजव्या हाताने मूठभर माती उचलतो आणि उभ्या माणसाच्या डोक्यावर टाकतो. त्या हंगामात ज्याने सगळ्यात जास्त माती खोदली, त्याच्या. मग कुस्त्या सुरू. ती माती टाकतो तो उस्ताद. ज्याला टाकता येत नाही, तो नाही. एवढा सरळ हिशेब.

"डाव्या हातानं टाकली तर?" रुखमिणीने एकदा विचारलं.

सोमाजीने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने देवाला डाव्या हाताने प्रसाद मागितला.

कमर

इश्वर हा सोमाजीचाच पट्ठा. दोन वर्षं नागपूरला राहून आला आणि लाखनीला, हायवेला लागून, त्याने हेल्थ क्लब उघडला. ट्यूबलाइट. भिंतभर आरसा. लाल रेक्झिनची बाकं. मधोमध एक यंत्र: वर चाक, चाकावरून तार, तारेच्या एका टोकाला दांडा आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी पाट्यांची चळत. खिट्टी ज्या पाटीत खोचाल तेवढ्या पाट्या उचलल्या जातात. राइस मिलवाल्यांची पोरं यायची, ट्रान्सपोर्टवाले यायचे, बँकेतले एक साहेब यायचे. महिना साठ रुपये.

दारावर बोर्ड होता:

*चपला बाहेर काढाव्यात.*
*टॉवेल स्वतःचा आणावा.*
*पाट्या आपटू नयेत.*
*फी आगाऊ.*

पाचवी ओळ नंतर, वेगळ्या रंगाने लिहिली गेली, आणि ती रुखमिणीमुळे. ते पुढे येईलच.

"उस्ताद, तुमच्याकडून पैसे कोण घेईन?" इश्वर म्हणाला.

"म्या तुह्याकडून नारळ घेतला का नाही?"

"घेतला जी."

"मंग? तुह्या दुकानाचा नारळ साठ रुपयाचा आहे. घे गुमान."

रोज दुपारी एस.टी.ने जायचं आणि परत यायचं. रुखमिणी खिडकीशी बसायची आणि तो हात आपल्या मांडीवर घेऊन यायची, म्हणजे खड्ड्यांत हिसके बसत नाहीत. वाटेत ती विचार करायची. साठ रुपये कशाचे? वारा पंख्याचा आहे. लोखंड तर लोखंडच. मग तिच्या ध्यानात आलं की तिथे कुणी माती खोदत नाही. साठ रुपये हे माती न खोदण्याचे. मिलवाल्याच्या पोराला ते परवडतं आणि त्याच्यावर रागावण्यासारखं काही नाही. तिलाही कुणी रोज पाणी आणून दिलं असतं, तर तिनेही एखादा नारळ दिलाच असता.

आता ती पाचवी ओळ.

पहिला शनिवार. रुखमिणी घरून वाटीत तेल-हळद कालवून घेऊन आली. सत्तावीस वर्षं दर शनिवारी आखाड्याच्या मातीसाठी तिच्याच घरून तेल, हळद आणि ताक जात होतं. ती स्वतः मात्र कधी उंबऱ्याच्या आत गेली नव्हती. बाया आत जात नाहीत. तिच्या हातची हळद सत्तावीस वर्षं आत गेली होती, ती बाहेर. इथे तर उंबरा नव्हता, नुसती फरशी. तिला वाटलं, एवढं मोठं लोखंड आणि त्याला कोणी तेल-हळद लावलेली दिसत नाही, म्हणूनच असं कोरडं-कोरडं वाटतं. इश्वर मागच्या खोलीत होता. तिने दांड्याला लावली, बाकांना लावली, उरलेली पाट्यांना पुसली आणि हात जोडले.

पाच वाजता बँकेतले साहेब पांढऱ्याशुभ्र बनियनवर आले आणि नवरदेव होऊन उठले. दांडा हातातून सटकून वर गेला, पाट्या धाडकन खाली. सगळ्या क्लबला वाटलं, बाहेर ट्रक धडकला.

"कोणं केलं बे हे?"

रुखमिणी रिकामी वाटी पदराखाली धरून उभी. सोमाजी आरशात बघून एवढा हसला, एवढा हसला, की त्याचा पडलेला हातसुद्धा हसण्याने हलला. इश्वरने फडकं घेतलं आणि पुसायला बसला. मग मान खाली घालूनच म्हणाला, "काकू, ताक नाही आणलं हे नशीब."

*यंत्रांना तेल-हळद लावू नये.*

छाती

इश्वर दांडा खाली ओढायचा, सोमाजीची मूठ गमछ्याने दांड्याला बांधायचा आणि हळूहळू सोडायचा. पाट्या खाली जायच्या. हात वर यायचा. पहिल्या आठवड्यात दोन पाट्या, हात कमरेपर्यंत. दुसऱ्यात तीन, पोटापर्यंत. मेच्या अखेरीला खिट्टी पाचवीत गेली आणि हात छातीला लागला.

"पाहा काकू! पाच पाट्या!"

रुखमिणी आरशात बघायची. आरशातला सोमाजी, आरशातला हात, आणि आरशाच्या कडेला एक बुटकी बाई, तोंडावर पदर धरून हसणारी. ती गावात सांगत सुटली. नळावर सांगितलं, पिठाच्या चक्कीवर सांगितलं. पाच पाट्या. भैयाजीलाही सांगितलं.

भैयाजी म्हणजे सोमाजीचा सगळ्यात जुना पट्ठा. मान बैलासारखी, बोलणंही तसंच. सोमाजीनंतर माती टाकायची ती यानेच, हे गावाला ठाऊक होतं आणि त्याला तर जास्तच.

"पाच पाट्या म्हणजे किती मुठी, वहिनी?" तो म्हणाला. "पंचमीले मूठ टाकाची आहे. पाटी नाही."

तिला वाटलं, जळतो मेला.

पुन्हा मांडी

जूनचा पहिला आठवडा. रुखमिणी विहिरीवर पाणी काढत होती. दिवसभर बांधीत, धानाच्या शेतात, पऱ्ह्यांची म्हणजे रोपांची मेहनत झाली होती, हातात जीव नव्हता. भरलेली बादली निम्म्यावर आली आणि तिची पकड ढिली पडली. बादली खाली निघाली. दोर चाकावरून सरसरला आणि तिचा हात, दोराला चिकटलेला, वर गेला. थेट डोक्याच्या वर.

खाली पाण्यात बादली बुडाली. वर रुखमिणी तशीच उभी. हात आभाळाकडे.

मी नाही उचलला. बादलीनं उचलला.

ती पाणी न घेताच घरी आली. सोमाजी सपरीत, घराच्या पुढच्या पडवीत, खाटेवर बसला होता. तिने पाण्याचा गिलास त्याच्या समोर धरला, छातीच्या उंचीवर.

"घ्या जी. उजव्यानं."

हात मांडीवरून चार बोटं उठला. थरथरला. परत मांडीवर.

"दमलो आज," सोमाजी म्हणाला. "उद्या घेतो."

तो क्लबमध्ये छातीपर्यंत जाणारा हात. पाच पाट्यांचा. जितक्या पाट्या जास्त तितका हात उंच, कारण उचलत होत्या पाट्याच. आणि त्यांना काय वाटलं होतं? वजन वाढलं म्हणजे ताकद वाढली. इश्वरला वाटलं, तिला वाटलं. आखाड्याच्या माणसांना दुसरं काय वाटणार? सगळा जन्म वाढवण्यात गेलेला: जोर वाढवा, बैठका वाढवा, दूध वाढवा, दगड वाढवा. कमी करून कुणाचं भलं झालेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

तिने गिलास स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडाला लावला. तो पाणी पीत होता आणि ती विचार करत होती की हे याला कसं सांगू. पंचमीला दोन महिने. गावभर पाच पाट्यांचा डंका तिनेच पिटलेला. आणि आरशात तो कसा बघायचा त्या हाताकडे.

नाहीच सांगितलं.

"धानाचा रोवणा तोंडावर आला," ती म्हणाली. "आता लाखनीले जाणं नाही होत. घरीच करू."

"घरी कोणतं यंत्र आहे व, बुटके?"

कमर. यंत्राशिवाय

विहिरीवर दोन चाकं होती. एक तिने काढलं, सपरीच्या छताच्या लाकडी फाट्याला टांगलं. त्यावरून दोर. दोराच्या एका टोकाला लोखंडी बादली, दुसऱ्या टोकाला गमछा. गमछ्यात सोमाजीची मूठ. राहिलं वजन.

"दगड टाक," सोमाजी म्हणाला.

"दगड कसा काढता येईन थोडा-थोडा—" ती जीभ चावून थांबली. "कसा टाकता येईन, म्हणलं. माती बरी."

"माती बरी," तो म्हणाला. "पण आखाड्याची."

आखाड्याची माती बाहेर जात नाही. अंगाला लागून घरी गेली तेवढीच. ती भैयाजीकडे गेली. तो म्हणाला, "घरातच आखाडा काढता का वहिनी आता?" आणि स्वतः बादली भरून आणून दिली. चाळीस पसे, हाताने मोजून. "एक पसा इकडचा तिकडं नाही झाला पायजे. सगळी परत."

तिला तर तेच हवं होतं.

पहिल्या दिवशी चाळीस पसे, आणि बादलीने हात खांद्याच्याही वर नेला. दुसऱ्या दिवशी तिने एक पसा काढून घेतला. बादली थोडी हलकी. बादलीने जेवढं सोडलं, तेवढं हाताने उचलायचं. पंचमीपर्यंत बादली रिकामी झाली तर हात त्याचा.

"आज किती टाकली?" तो डोळे मिटून विचारायचा.

"एक पसा टाकला," ती सांगायची, आणि पदरात एक पसा बांधायची.

एकोणचाळीस. हात वर.

अडतीस. वर.

छत्तीसला अडखळला. दोन दिवस काही काढलं नाही.

पस्तीस. घामाने बनियन भिजलं. वर.

बत्तीसला रात्रभर खांदा ठणकला. तिने मोहरीचं तेल चोळलं, आणि तो म्हणाला, "दुखते म्हणजे जागा झाला." त्या रात्री तीही झोपली नाही, पण दुःखाने नव्हे.

तीस.

रोज दुपारी, रोवण्याहून जेवायला आली की, पदरातला पसा परत करायला ती आखाड्यावर जायची. उंबऱ्याबाहेर उभी राहून आत माती टाकायची. आत कुणी नसायचं. निम्मी पोरं चिखलात, निम्मी इश्वरकडे. फावडा कोपऱ्यात उभा. आणि माती? माती दगड झाली होती. तिने टाकलेला पसा त्या दगडावर भुरका होऊन पडायचा. ताक नाही, हळद नाही, फावडा नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिने हात लांबवून फावडा घेतला आणि उंबऱ्याबाहेरूनच, दांडा पोचेल तेवढी खोदली. हातभर.

दुसऱ्या दिवशी फावडा कोपऱ्यात नव्हता. उंबऱ्याला टेकून ठेवलेला होता. ती घाबरली. इकडेतिकडे पाहिलं. कुणी नाही. मग तिने एक पाय आत ठेवला, एक बाहेर, आणि खोदलं. देव कोपला नाही. तिसऱ्या दिवशी दुसरा पायही आत आला, कारण एका पायावर माणूस किती खोदणार?

त्यानंतर रोज. फावडा रोज उंबऱ्याला टेकलेला. कोण ठेवतं हे तिने विचारलं नाही, आणि ठेवणाऱ्यानेही कधी सांगितलं नाही. शनिवारी ती तेल-हळद-ताक घेऊन गेली. या मातीला ते चालत होतं.

खांदा

पंचमीला चार दिवस. बादलीत पंधरा पसे. दुपारची वेळ, सोमाजीने हात वर नेला, खांद्याला लावला, तिथेच धरला. एक, दोन, तीन मोजले. त्याच्या पुढे काही जाईना.

"किती टाकली आज?"

"एक पसा."

"तू टाकून नाही राहिली व," सोमाजी शांतपणे म्हणाला. "काढून राहिली."

रुखमिणीचा पदर हातात होता. पदरात माती होती.

"तीस वर्षं दोर ओढले म्या. मले नाही समजणार बादली हलकी होऊन राहिली का भारी?"

"केव्हा समजलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मंग बोलले काहून नाही जी?"

"तू एवढी मन लावून खोटं बोलत होती," तो म्हणाला. "मोडू कायले?"

ती खाली बसली. म्हणाली, "लाखनीचं बी समजलं होतं?"

"आरशात तोंडासमोर होतं ना सगळं. पाट्या उचलत होत्या. माया हात नुसता टांगला होता, खाटकाच्या दुकानातल्या बकऱ्यावानी."

"अन् तरी महिनाभर गेले?"

"त्याच आरशात तू बी दिसत होती," सोमाजी म्हणाला. "हसत होती. दवाखान्यानंतर पयल्यांदा. म्हणलं, साठ रुपयात हे काही महाग नाही."

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. रुखमिणीने पदराची गाठ सोडली, मातीकडे पाहिलं, परत बांधली.

"खांद्याच्या वर नाही गेला तर?"

"तर भैयाजी टाकन. त्याचा हात चांगला आहे." हे बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. "उद्यापासून दोन-दोन पसे काढ."

डोक्याच्या वर

नाही गेला.

नागपंचमी

सकाळी इश्वर लाखनीहून आला, क्लबच्या चार पोरांना घेऊन. आधी घरी आला, पाया पडला, मग सपरीतलं चाक पाहिलं, गमछा पाहिला. स्वतःची मूठ त्यात घालून दोर सोडला, ओढला, सोडला.

"काकू, मी उलटं शिकवलं."

"तू बांधून दाखवलं म्हणून तर मले सुचलं," रुखमिणी म्हणाली. "तुयं चाक चांगलं आहे, बापा. फक्त कोण कोणाले उचलते ते पाहत जाय."

"मंग मायाकडे जास्तीचं काय रायलं? साठ रुपयात?"

"आरसा," ती म्हणाली. "तो आमच्या घरी नाही."

आखाड्यावर गाव जमलं होतं. पोरं लंगोट लावून आत उतरली आणि पाय घोट्यापर्यंत रुतले. माती लोण्यासारखी. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, कारण दोन महिने आपण खोदलेली नाही हे प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं.

सोमाजी पाय घासत मधे आला. वाकला. उजव्या हाताने माती घेतली, बोटांत फिरवली, नाकाशी नेली. ताक. हळद. त्याने पुन्हा एकदा वास घेतला.

"पयली माती कोणाची?" त्याने विचारलं. "कोणं खोदली?"

पोरांनी माना खाली घातल्या.

"भैयाजी, तू?"

"मी नाही, उस्ताद." भैयाजी सगळ्यांत उंच, त्याच्या डोक्यापर्यंत तो हात जाणं नव्हतंच, हे तिथल्या लहानथोराला दिसत होतं. त्याने हाताची घडी घातली. "म्या फक्त फावडा ठेवत होतो उंबऱ्याजवळ. खोदणारी बाहेर उभी आहे. तिकडं. कडुलिंबाखाली."

सगळ्या माना वळल्या. रुखमिणीला वाटलं, झाडात शिरावं.

"बाई हाये ते," एक म्हातारा पुटपुटला.

"कोणं खोदली ते इचारलं उस्तादनं," भैयाजी म्हणाला. "कोण हाये ते नाही इचारलं."

सोमाजी उंबऱ्याकडे निघाला. उजवी मूठ मिटलेली, छातीशी धरलेली. पोरं बाजूला झाली. उंबरा ओलांडताना पाय अडखळला, इश्वर पुढे झाला, सोमाजीने मान हलवली: नको. कडुलिंबाखाली येऊन तिच्या समोर उभा राहिला.

"पदर काढ डोक्यावरचा."

"लोकं पाहून राहिले जी."

"पाहू दे."

तिने पदर मागे घेतला. तिचं डोकं त्याच्या खांद्याला लागत होतं, सत्तावीस वर्षांपूर्वी मांडवात लागत होतं तेवढंच.

हात उठला. पोट. छाती. तिथे थोडा थांबला, थरथरला. गमछा नव्हता, दोर नव्हता, कुणी खाली जात नव्हतं त्याला वर न्यायला. रुखमिणीचे ओठ हलत होते, ती काहीतरी मोजत होती. खांदा. आणि मूठ उघडली.

माती तिच्या भांगात पडली, कपाळावरून नाकावर आली, शिंक आली.

"उभ्या माणसाच्या डोक्यावर पडली," भैयाजी आतून ओरडला. "उजव्या हातानं पडली. चला बे, जोड्या लावा!" आणि हलगी वाजायला लागली.

सोमाजीचा हात अजून तिथेच होता, तिच्या डोक्यावर. उतरवायची त्याला कसली घाई नव्हती.

"किती रायले बादलीत?" त्याने विचारलं.

"नऊ."

"उद्या एक काढ."

"काढीन," ती म्हणाली. "आता हात काढा जी. डोळ्यात माती चालली."

"काढतो," सोमाजी म्हणाला, आणि आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिला.